बिलामावशीचा रिकामा खिळा

लग्न का केलं नाहीस, असं विचारलं की बिलामावशी म्हणायची, "ठरलं होतं गं एकदा. पण त्याला कार्निव्हल आवडायचा नाही." एवढं बोलून ती कॉफी ढवळायला लागायची. विषय संपला. जर्मनीतल्या आमच्या कलोन गावात एवढं कारण पुरतं.

पूर्ण नाव सिबिला ओडेनथाल. पण पूर्ण नावाने तिला फक्त पाद्री आणि पोस्टमन हाक मारायचे. गावाच्या दक्षिण भागात, एका बेकरीच्या वरच्या खोल्यांत ती जन्मली, तिथेच वाढली आणि तिथेच म्हातारी झाली. शिवणकामात हात चालायचा म्हणून आधी कळसूत्री बाहुल्यांच्या नाटकघरात बाहुल्यांचे कपडे शिवायची. मग टीव्हीवाल्यांनी नेली. "बाहुल्या बऱ्या होत्या," ती म्हणायची, "घाम नाही, पोट नाही, आणि 'या कोटात मी जाड दिसतो का' असं विचारणं नाही."

टीव्हीवर तिच्या वाट्याला आला 'दोन खुर्च्या' हा कार्यक्रम. तुमच्या आईवडिलांना विचारा, त्यांना आठवेल. कृष्णधवल चित्र, मागे काळा पडदा, पुढे दोन खुर्च्या. एकीत कोणीतरी मोठं माणूस: नट, गायिका, फुटबॉलचा शिक्षक, एकदा तर पर्वत चढणारे बिशपसुद्धा. दुसरीत डॉक्टर एन्नो टॅमसेन. औषध देणारे नव्हेत, तत्त्वज्ञानाचे डॉक्टर. हाम्बुर्गकडचे, तिकडे कार्निव्हल नसतोच. उंच, सरळ, इस्त्री केलेले. कपडे नव्हे, माणूसच इस्त्री केलेला. प्रश्न असा विचारायचे की समोरच्याला वाटावं, आपण दात काढायला आलोय.

टॅमसेनसाहेबांचा एक नियम होता आणि तो सगळ्या देशाला माहीत होता, कारण ते तो मुलाखतींमध्ये सांगत फिरायचे. चित्रण एकदा सुरू झालं की थांबवायचं नाही. पाहुणा खोकला, रडला, खुर्चीवरून पडला, तरी कॅमेरा चालू. मध्ये फक्त टेपचं रीळ बदलण्यापुरती विश्रांती. "आयुष्य कोणी थांबवून पुन्हा घेतं का?" असं ते म्हणायचे. आणि स्वतः काही झालं तरी खुर्चीवरून उठायचे नाहीत.

नेट्टा म्हणायची, "नशीब, कार्यक्रम तासाभराचाच आहे." नेट्टा म्हणजे पाहुण्यांचे चेहरे रंगवणारी, मावशीची जिवाची मैत्रीण. तिचं तोंड पावडरीच्या डब्यासारखं, उघडलं की सगळीकडे उडायचं.

आता मावशीच्या कपाटाबद्दल. कपडेपटातल्या मोठ्या कपाटाच्या दाराला आतून टायची टोकं खिळ्यांनी ठोकलेली होती. रस्त्यावरचा कार्निव्हल सुरू होतो तो गुरुवार हा आमच्याकडे बायकांचा दिवस. त्या दिवशी राज्य आमचं. हातात कात्री, आणि समोर येईल त्या पुरुषाचा टाय अर्ध्यातून कापायचा. भरपाई म्हणून गालावर एक पापी. कापला की पापी द्यायचीच, हा कायदा. शहाणे पुरुष त्या दिवशी घरातला सर्वांत भिकार टाय घालून येतात. गाढवं चांगला घालून येतात. आणि भित्रे येतच नाहीत.

कपाटाच्या दारावर टोकांच्या रूपात प्रकाशयोजनावाले होते, आवाजवाले होते, हिशेबनीस होते, दोन संचालक होते. सगळ्यांच्या वर, अगदी मधोमध, एक खिळा रिकामा होता. तो टॅमसेनसाहेबांचा. सहा वर्षं तो रिकामाच होता, कारण दर वर्षी त्या गुरुवारी साहेबांना हाम्बुर्गला आजारी आत्या असायची.

"एक आत्या किती वेळा मरायला टेकते गं?" नेट्टा विचारायची.

"तिकडचे लोक सावकाश मरतात," मावशी म्हणायची आणि खिळ्यावरची धूळ पुसायची.

सातव्या वर्षी आत्या कामाला आली नाही. व्हिएन्नाचे आल्विन ट्राउटनर मुलाखतीला तयार झाले होते. युद्धानंतरच्या सिनेमांतला, पायऱ्यांवरून उतरत जाणारा, हातात हातमोजे घेतलेला तो देखणा म्हातारा. बायका ज्याच्यासाठी रुमाल चावायच्या तो. त्यांना वर्षभरात एकच दिवस मोकळा होता. तोच गुरुवार. सकाळी विमानाने यायचं, दुपारी परत.

टॅमसेनसाहेबांनी बुधवारी सगळ्यांना स्टुडिओत उभं केलं.

"उद्या या इमारतीत काय चालतं ते मला माहीत आहे," ते म्हणाले. "माझ्या स्टुडिओत ते चालणार नाही. फ्राउ ओडेनथाल, तुम्हाला विशेष सांगतो." बायकांना फ्राउ, पुरुषांना हेर आणि पुढे आडनाव, याशिवाय ते कोणाला हाक मारायचे नाहीत.

"मला कशाला, डॉक्टरसाहेब? मी तर सुईसारखी गरीब."

"कात्री कोणाच्या टायजवळ दिसली, तर तुमची बदली कोठारात."

कोठार म्हणजे गावाबाहेरची पत्र्याची शेड. जुने कोट, जुने पडदे आणि त्यांना लागलेली कसर. तिथे काम करणारी आधीची बाई भिंतीशी बोलायला लागली होती म्हणे. मावशीचा जीव होता तो या स्टुडिओत. घाईत टाके घालणं, नटांची पोटं आत ढकलणं, दिव्यांच्या मागे उभं राहून गुपचूप मोठ्या लोकांचं बोलणं ऐकणं. ते गेलं तर मग राहिलं काय?

"दिसणार नाही, डॉक्टरसाहेब," ती म्हणाली. आणि तिने खरंच ठरवलं होतं. नेट्टा अजूनही शपथेवर सांगते.

गुरुवारी सकाळी गावात ढोल वाजायला लागले. स्टुडिओतले कॅमेरावाले घड्याळाकडे बघत होते, कारण काम संपलं की सगळे थेट रस्त्यावर. युप हा मंचावरचा सगळा कारभार बघणारा. त्याने त्या दिवशी असा टाय घातला होता की त्यावर रश्श्याचे डाग होते का तीच नक्षी होती ते कळत नव्हतं. अकरा वाजून अकरा मिनिटांनी, म्हणजे कार्निव्हलच्या मुहूर्तावर, नेट्टाने तो कापला, त्याला पापी दिली आणि म्हणाली, "घरी सांग, धुण्याचे कष्ट वाचले."

मावशीच्या गळ्यात लाल फितीला कात्री होती. पण ती कामाची. रोजच असायची.

मुलाखतीचा पहिला भाग पार पडला आणि तो भयंकर झाला. टॅमसेनसाहेब खोदत होते आणि ट्राउटनर हसत होते. तेच ते, पायऱ्यांवरचं हसू. प्रत्येक प्रश्नाला त्यांच्याकडे एक घोटून तयार किस्सा होता. आपल्या टायवरून बोटं फिरवत त्यांनी त्याचीही कथा सांगितली: साल्झबुर्गमध्ये पहिल्या प्रयोगानंतर एका काउंटेसने दिलेला, तेव्हापासून प्रत्येक मोठ्या प्रसंगी हाच. टॅमसेनसाहेबांच्या कपाळावरची शीर उभी राहिली. युप दिव्यामागे पुटपुटला, "दात काढायला बसलेत, पण कवळी आहे."

रीळ बदलायची वेळ झाली. नेट्टा पावडर घेऊन धावली, मावशी तिच्यामागे. नेट्टाने घाईत ट्राउटनरांच्या कपाळावर पावडर मारली, आणि थोडी खाली उडाली.

आता बघा हं. ट्राउटनर खुर्चीत बसलेले. समोर मावशी, गळ्यात कात्री. दूर ढोल वाजताहेत. आणि ते मान वर करून, टायचं टोक दोन बोटांत धरून, तिच्यासमोर पुढे करतात. भुवया वर. चेहऱ्यावर अर्धं हसू.

जगात कुठेही याचा अर्थ एकच: बाई, इथे डाग पडलाय, तेवढा झटका.

पण तो गुरुवार होता आणि आपण कलोनमध्ये होतो. इथे त्या दिवशी एखादा पुरुष आपणहून टाय पुढे करतो तेव्हा तो राजामाणूस असतो. सहा वर्षं पळणारा एकजण पाहिल्यावर हा व्हिएन्नाचा पाहुणा स्वतः पुढे करतोय! मावशीचा हात विचार करायला थांबला नाही.

कच्च.

वर गालावर पापी. सणसणीत. नियमाप्रमाणे.

"आलाफ!" मागून एका कॅमेरावाल्याने कार्निव्हलची आरोळी ठोकली आणि लगेच तोंड दाबून घेतलं.

ट्राउटनर स्वतःच्या छातीकडे बघत होते. तिथे टायचा बोटभर तुकडा उरला होता.

"बाई," ते म्हणाले, "मी पावडर दाखवत होतो."

मावशीने हातातलं टोक पाठीमागे लपवलं. पलीकडच्या खुर्चीतून आवाज आला. नियमाप्रमाणे साहेब उठले नव्हते.

"फ्राउ ओडेनथाल."

"डॉक्टरसाहेब, ते... त्यांनी... असं केलं ना!" आणि तिने हाताने करून दाखवलं.

"पहिल्या भागात अख्खा देश तो टाय बघणार आहे," टॅमसेनसाहेब म्हणाले. "त्याची कथा ऐकणार आहे. आणि दुसऱ्या भागात? उंदराने खाल्ला?"

"दुसरा टाय देऊ?" युप म्हणाला.

"काउंटेसचा सांगून झालाय रे मूर्खा," नेट्टा म्हणाली.

"मग पहिला भाग परत घेऊ."

"मी परत घेत नाही!" टॅमसेनसाहेब. मग जरा खालच्या आवाजात, "आणि हेर ट्राउटनरांचं विमान आहे." मग ते मावशीकडे वळले. "शिवा. दिसणार नाही असा शिवा. हा टाय कापल्याबद्दल प्रेक्षकांच्या कानावर एक अवाक्षर जरी गेलं, तर तुम्ही कोठारात. नाही गेलं, तर मी विसरतो. शब्द देतो."

मावशी जमिनीवर गुडघे टेकून बसली आणि सुई ओवायला लागली. तीनदा चुकली. डोळ्यांत पाणी होतं म्हणून, ती म्हणायची. नेट्टा म्हणते, हसू दाबत होती म्हणून. दोन्ही खरं असणार.

ट्राउटनर वरून बघत होते.

"आमच्या व्हिएन्नात कार्निव्हलला नाचतात," ते म्हणाले. "हत्यारं काढत नाहीत."

"तुमच्याकडे नाचायला जागा असेल, हेर ट्राउटनर. इथे रस्ते अरुंद."

ते हसले. पायऱ्यांवरचं नव्हे, वेगळंच, नाकातून.

"रडू नका. तो काउंटेसचा नाही."

"म्हणजे?"

"स्टेशनजवळच्या दुकानातून घेतलाय. सेल होता. काउंटेसने मला आयुष्यात फक्त सर्दी दिली." त्यांनी गाल चोळला. "आणि ही पापी? ती कशाबद्दल?"

"भरपाई. कापला की द्यायची."

"त्यांना किती मिळाल्या?" त्यांनी हनुवटीने समोरची खुर्ची दाखवली. साहेब कागद वाचण्यात गढले होते.

"एकही नाही. सहा वर्षं खिळा रिकामा आहे," मावशीच्या तोंडून निघून गेलं. मग खिळा कसला ते सांगावं लागलं. आत्याबद्दलही.

ट्राउटनरांच्या डोळ्यांत जे काही चमकलं, ते बघून मावशी घाबरली.

"फ्राउ ओडेनथाल, टाके सैल घाला."

"किती सैल?"

"नाटकात दुसऱ्या अंकात जो झगा फाटायचा असतो ना, तेवढे."

"नाही हं. मला माझी जागा हवीय. इथे तुम्ही विमानात बसाल आणि मी कसरीत."

"तुम्ही नाही म्हणता?"

"नाही म्हणते."

"आल्विन ट्राउटनरला?"

"कलोनच्या आर्चबिशपलाही म्हटलं असतं."

तिने टाके घट्ट घातले. निदान ती तसं म्हणायची. युपचं म्हणणं, त्याने जवळून पाहिले, आणि ते टाके त्याच्या आजीच्या दातांसारखे होते, एकमेकांपासून लांब.

दुसरा भाग सुरू झाला. टाय सबंध दिसत होता. मावशी दिव्यामागे उभी होती, हात कात्रीवर घट्ट, जणू ती आपणहून उडी मारेल. टॅमसेनसाहेबांनी चष्मा काढला. म्हणजे आता खोल प्रश्न.

"हेर ट्राउटनर, कधी कोणत्या स्त्रीने तुम्हाला नकार दिलाय?"

युपने कपाळाला हात लावला. नेट्टाने मावशीचं कोपर धरलं.

"हो," ट्राउटनर म्हणाले. "मघाशीच. ती त्या दिव्यामागे उभी आहे. मी तिला एक विनंती केली आणि ती म्हणाली, साहेबांचा धाक आहे. डॉक्टर, आज वार कोणता?"

"गुरुवार," टॅमसेनसाहेब म्हणाले. चेहरा दगडाचा.

"गाव कोणतं?"

साहेबांनी हातातले कागद सरळ केले. कॅमेरा चालू.

"मग या गावच्या बायका कुठे आहेत?" ट्राउटनर म्हणाले आणि अंधाराकडे बघत टायचं टोक दोन बोटांत धरून पुढे केलं. या वेळी पावडर नव्हती.

स्टुडिओतली सगळी माणसं मावशीकडे वळली. कॅमेऱ्यावरची, दिव्यांवरची, सगळी. नजरेत एकच होतं: बिला, तू कुठली आहेस?

"नको जाऊस," नेट्टा कुजबुजली. आणि कोपर सोडून दिलं.

मावशी सांगायची, तिला त्या क्षणी कोठार दिसलं. पत्रा, कसर, ती बाई आणि भिंत. आणि मग असंही दिसलं की ती या स्टुडिओत राहिलीय, सगळं जागच्या जागी आहे, आणि दर वर्षी या दिवशी कपाटाचं दार उघडायची तिला लाज वाटतेय. "लाज वाटून इथे राहायचं तर कसरच बरी गं," ती म्हणायची.

ती उजेडात आली. कच्च. सैल असोत की घट्ट, टाके एकदम सुटले. ट्राउटनरांनी गाल पुढे केला. दिली.

मग ती वळली.

टॅमसेनसाहेब खुर्चीत. उठायचं नाही, हा स्वतःचाच नियम. थांबवायचं नाही, हाही स्वतःचाच. सहा वर्षं उपयोगी पडलेली आत्या हाम्बुर्गला, मदतीला कोणी नाही. करड्या रेशमाचा टाय, एकही सुरकुती नाही. मावशी कात्री घेऊन समोर उभी, पण पुढे होत नाही. जबरदस्ती तिने कधीच केली नव्हती.

"डॉक्टरसाहेब," ती हळूच म्हणाली, "तुम्ही म्हणाल तर परत जाते."

रस्त्यावरचे ढोल आतपर्यंत ऐकू येत होते. मग टॅमसेनसाहेबांचा हात वर आला. त्यांनी टायचं टोक दोन बोटांत धरलं. आणि पुढे केलं.

कच्च. पापी. मावशी उजेडातून बाहेर पडली, आणि नेट्टाने तिला पाठीवर असा गुद्दा घातला की ती खोकली. तो खोकलाही चित्रणात आला.

टॅमसेनसाहेबांनी चष्मा पुन्हा चढवला. छातीवर बोटभर चिंधी. "तर," ते म्हणाले, "आपण कुठे होतो?"

आणि मग काय झालं कोण जाणे, दोघेही बोलायला लागले. दोन चिंध्या घालून माणूस फार वेळ ऐट करू शकत नाही. ट्राउटनरांचं ते हसू गळून पडलं. ते खाटकाच्या दुकानावरच्या खोलीतल्या बालपणाबद्दल बोलले, लोकांचे कपडे धुणाऱ्या आईबद्दल, आणि अजूनही मंचावर जाण्याआधी ओकारी येते त्याबद्दल. टॅमसेनसाहेब एकदा हसले. एकदाच. युपने ती जागा कागदावर टिपून ठेवली, पुरावा म्हणून.

संध्याकाळी गावभर नाच चालला होता. मावशी त्या दिवशी नाचली नाही. घरी बसून तिने कोठारात न्यायची पेटी भरली.

पण तिला कोणी कोठारात पाठवलं नाही. पाठवणार कसं? वरच्या साहेबांनी चित्रण पाहिलं आणि ते हबकले. कात्री, पापी, असले चाळे गंभीर कार्यक्रमात? त्यांनी तेवढा तुकडा कापून टाकला. त्या नकाराच्या प्रश्नापासून ते "आपण कुठे होतो" पर्यंत सगळा. त्यांना वाटलं, आपण लाज राखली.

मग कार्यक्रम दाखवला गेला. पहिल्या भागात दोन सबंध टाय, एकाची काउंटेसवाली कथा. मग अचानक, काही न घडता, दोघांच्याही छातीवर चिंध्या! आणि दोघे गंभीरपणे आईबद्दल आणि मरणाबद्दल बोलताहेत. म्युनिकहून, ब्रेमेनहून, स्वित्झर्लंडहून पत्रं आली. ही नवी फॅशन आहे का? दोघांत मारामारी झाली का? एका शिक्षिकेने लिहिलं, हे आधुनिक माणसाच्या तुटलेपणाचं प्रतीक असावं. कलोनमध्ये मात्र एकाही घरात कोणी प्रश्न विचारला नाही. खालच्या मजल्यावरचा बेकरीवाला दुसऱ्या दिवशी मावशीला एवढंच म्हणाला, "अगं, डाव्या बाजूचा जरा तिरका कापलास."

टॅमसेनसाहेब कपडेपटात आले. मावशी घरून भरून आणलेल्या पेटीवर बसली होती.

"फ्राउ ओडेनथाल, मी अट घातली होती. टाय कापल्याबद्दल प्रेक्षकांच्या कानावर एक अवाक्षर जाता कामा नये."

"हो, डॉक्टरसाहेब."

"गेलं का?"

मावशीने विचार केला. "कानावर? एकही नाही, डॉक्टरसाहेब."

"मग मी शब्दाला बांधलेला आहे," ते म्हणाले. त्यांची नजर कपाटाकडे गेली. दार जरासं उघडं होतं. आत, सगळ्यांच्या वर, अगदी मधोमध, करडं रेशीम. सुरकुती नाही, मावशीने इस्त्री करून ठोकलं होतं.

त्यांनी दार आणखी थोडं उघडून ते पाहिलं.

"एक गोष्ट नोंद असू द्या," ते म्हणाले. "त्या दिवशी मी पावडर दाखवत होतो."

"हो, डॉक्टरसाहेब," मावशी म्हणाली. "मलाही तसंच वाटलं."